भाकर, पराणी, आतडं: नव्या करारातला ग्रीक शब्द कसा वाचावा

मतदान केंद्र, आरोग्य केंद्र, केंद्र सरकार. ‘केंद्र’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची मोजदाद नाही. तो मुळात ग्रीक आहे. केन्त्रोन म्हणजे टोचणारं टोक. वर्तुळ काढताना कंपासचं टोक जिथे रुततं तो बिंदूही केन्त्रोन, आणि त्या अर्थाने हा शब्द ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला, तिथून आपल्याकडे. बायबलच्या नव्या करारात मात्र तो आपल्या जुन्या, टोचणाऱ्या अर्थानेच भेटतो. प्रेषितांची कृत्ये 26:14 मध्ये, दमास्कसच्या वाटेवर पौलाला ऐकू आलेली वाणी म्हणते की पराणीवर लाथ मारणं तुला कठीण जाईल. ती पराणी, बैल हाकायची टोकदार काठी, म्हणजे केन्त्रोन. पहिले करिंथकरांस 15:55 मध्ये मरणाला विचारलंय, तुझी नांगी कुठे? तीही केन्त्रोनच.

‘होरा’ही तसाच. योहान 2:4 मध्ये येशू म्हणतो, माझी वेळ अजून आली नाही. तिथे ग्रीकमध्ये शब्द आहे होरा. आणि आपण ‘दाम मोजले’ म्हणतो तो दाम द्राख्मे या ग्रीक नाण्यावरून, संस्कृत ‘द्रम्म’ मार्गे आला. लूक 15 मधली बाई दिवा लावून, घर झाडून शोधते ते नाणं द्राख्मेच.

हे आधी सांगितलं, कारण ग्रीक म्हटलं की सेमिनरीत न गेलेला माणूस दोन पावलं मागे सरतो. मागे सरू नका. संपूर्ण भाषा शिकायला वर्षं लागतात हे खरं. पण एका वचनातला एक शब्द नीट समजून घेणं हे घरी बसून, मोबाइलवर, महिन्याभराच्या सवयीने जमतं. लागेल ते एवढंच: तुमचं मराठी बायबल, इंटरनेट आणि एक दोनशे पानी वही. वही खरंच घ्या.

पहिली पायरी: ही कोणाची ग्रीक, ते ओळखा

नव्या करारातली सत्तावीस पुस्तकं ज्या ग्रीकमध्ये लिहिली गेली तिला कोइने म्हणतात. कोइने म्हणजे सामायिक, सगळ्यांची. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर इजिप्तपासून सीरियापर्यंत बाजारात, कचेरीत, बंदरावर ही भाषा चालायची. प्लेटोच्या ग्रीकपेक्षा ती वेगळी दिसते म्हणून एकेकाळी काही अभ्यासकांना वाटे की ही पवित्र लेखनासाठीच घडलेली खास भाषा असावी. मग 1896 च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाचे उकिरडे खणायला सुरुवात केली. हजारो पपायरस, म्हणजे वनस्पतीपासून केलेले जुने कागद, निघाले: भाडेपावत्या, लग्नाची निमंत्रणं, मुलाने बापाला लिहिलेली पत्रं. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी अशा कागदांवरून दाखवून दिलं की नव्या कराराची भाषा ही याच माणसांची रोजची भाषा आहे.

याचा उपयोग असा, की एखाद्या शब्दाचा अर्थ फार उंच, फार गूढ वाटायला लागला तर थांबायचं आणि विचारायचं: हाच शब्द पावतीवर काय म्हणत होता? लोगोस घ्या. ‘प्रारंभी शब्द होता’ यातला शब्द म्हणजे लोगोस, आणि त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण लूक 16:2 मध्ये धनी आपल्या कारभाऱ्याला म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. तो हिशेबही लोगोस. योहानाची ओळ त्यामुळे लहान होत नाही. मात्र लोगोस म्हणजे नेमकं अमुकच, असं छातीठोक सांगण्याआधी हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुसरी पायरी: अक्षरं

चोवीस अक्षरं आहेत. आठ दिवस रोज तीन लिहा, झालं. अडखळायला होतं ते रोमन लिपीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांपाशी: ‘रो’ पी-सारखं दिसतं पण उच्चार र, लहान ‘न्यू’ व्ही-सारखं दिसतं पण उच्चार न, आणि लहान ‘ईटा’ दिसतं एन-सारखं पण तो दीर्घ ए आहे.

मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे. अभिजात ग्रीकमध्ये थीटा, फी आणि खी ही अक्षरं महाप्राण होती, म्हणजे आपले थ, फ, ख. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक समजावून घ्यावा लागतो. आपण बाराखडीतच तो शिकलेले असतो. ‘ख्रिस्त’ मधला ख हा त्या खीचाच. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखी ओळखीच्या खुणा दिसतील. पातेर म्हणजे पितृ, एस्ति म्हणजे अस्ति, दिदोमि म्हणजे ददामि. मत्तय 6:11 मध्ये ‘भाकर आज आम्हांला दे’ यातल्या ‘दे’ साठी ग्रीक क्रियापद ‘दोस’ आहे. आपला ‘दे’ आणि ते ‘दोस’ एकाच धातूतून आलेत. मला ही गोष्ट कळली त्या रात्री मी प्रभूची प्रार्थना फार हळू म्हटली होती.

तिसरी पायरी: वचनामागचा शब्द शोधा

स्टेप बायबल हे केंब्रिजच्या टिंडेल हाउसने केलेलं मोफत संकेतस्थळ आहे. बायबल हबही चालेल. तिथे वचन काढून इंटरलिनिअर उघडा, म्हणजे ग्रीक ओळीखाली शब्दाला शब्द लावलेली ओळ दिसेल. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक असतो, त्याला स्ट्राँगचा क्रमांक म्हणतात. जेम्स स्ट्राँग यांनी 1890 मध्ये इंग्रजी बायबलातल्या शब्दांची भली मोठी सूची छापली आणि मूळ शब्दांना आकडे दिले. अगापे 26, लोगोस 3056. वहीत शब्दाबरोबर आकडा लिहा. पुढे शोधताना अक्षरांची चूक झाली तरी आकडा वाट दाखवतो.

एक सावधगिरी. स्ट्राँगच्या सूचीत दिलेले अर्थ म्हणजे मुख्यतः जुन्या इंग्रजी भाषांतरात तो शब्द कसकसा मांडला गेला त्याची यादी. पाच अर्थ दिले असतील तर पाचही अर्थ एका वचनात ओतायचे नसतात. आपण ‘पाणी’ म्हणतो तेव्हा विहिरीचं, डोळ्यातलं आणि तलवारीला दिलेलं असं सगळं एकदम म्हणत नाही.

चौथी पायरी: तो शब्द जिथे जिथे आलाय ती सगळी ठिकाणं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. शब्दकोश नंतर.

योहान 3:3 घ्या. निकदेम रात्री येशूकडे येतो आणि येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचं राज्य पाहता येत नाही. या ‘नव्याने’ मागे ग्रीक शब्द आहे अनोथेन, क्रमांक 509. नव्या करारात तो तेरा वेळा येतो. सगळी ठिकाणं काढा. मत्तय 27:51 मध्ये मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो: अनोथेन. योहान 19:23 मध्ये येशूचा अंगरखा वरपासून सबंध विणलेला आहे: अनोथेन. योहान 19:11 मध्ये येशू पिलाताला म्हणतो, तुला वरून अधिकार दिला नसता तर माझ्यावर तुझं काही चाललं नसतं: अनोथेन. आणि खुद्द तिसऱ्याच अध्यायात, 31 व्या वचनात, ‘जो वरून येतो तो सर्वांच्या वर आहे’: पुन्हा अनोथेन.

म्हणजे योहान हा शब्द इतर सगळीकडे ‘वरून’ या अर्थाने वापरतो. मग आपल्या बायबलमध्ये ‘नव्याने’ का? कारण या शब्दाला दुसराही अर्थ आहे, पुन्हा, पहिल्यापासून. गलतीकरांस 4:9 मध्ये तो त्या अर्थाने आलाय. आणि निकदेमाने नेमका तोच ऐकला. म्हणून तर तो विचारतो, म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या उदरात जाऊन कसा जन्मेल? येशू ‘वरून’ म्हणतोय, निकदेम ‘पुन्हा’ ऐकतोय, आणि सगळा संवाद या एका शब्दावर तोललेला आहे. भाषांतरकाराला दोनांतला एकच निवडावा लागतो. दुसरा अर्थ तळटीपेत असतो. तुमच्या प्रतीत आहे का, आत्ताच पाहा.

मराठीत याच्या जवळ जाणारं एक वाक्य आहे. मूल वाचताना अडखळलं की बाई म्हणतात, ‘परत वरून वाच.’ त्या ‘वरून’ मध्ये पानाचा वरचा भागही आहे आणि नव्याने सुरुवातही. मी निकदेमाचा अध्याय शिकवताना हेच उदाहरण देतो आणि माणसांना ते चटकन पोचतं.

त्याच अध्यायात, 8 व्या वचनात, वारा आणि आत्मा हे दोन्ही एकच शब्द आहेत, प्नेउमा. तो तुमच्यासाठी गृहपाठ म्हणून सोडतो.

पाचवी पायरी: सेप्टुअजिंटमध्ये डोकवा

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला घेतली. या भाषांतराला सेप्टुअजिंट म्हणतात. नव्या कराराचे लेखक जुना करार उद्धृत करतात तेव्हा बहुधा यातूनच करतात. त्यामुळे त्यांचे बरेच शब्द ग्रीक कपड्यातले हिब्रू शब्द आहेत. ‘ख्रिस्त’ हेच बघा. ख्रिस्तोस म्हणजे तेल चोळलेला. एखाद्या ग्रीक दुकानदाराला त्यात काही विशेष वाटलं नसतं. पण सेप्टुअजिंट वाचलेल्याला त्यात मशीहा ऐकू येत होता, अभिषिक्त राजा.

अगापेची परीक्षाही इथेच होते. अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती आणि फिलिया म्हणजे साधी मैत्री, असं आपण किती प्रवचनांतून ऐकलंय. आता शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 13 वा अध्याय सेप्टुअजिंटमध्ये काढा. अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी करतो. त्याच्या त्या वासनेसाठी तिथे अगापे आणि त्याचंच क्रियापद वापरलं आहे. नव्या करारात लूक 11:43 मध्ये परूश्यांना सभास्थानातली पुढची आसनं आवडतात, क्रियापद अगापाओ. मत्तय 23:6 मध्ये हीच गोष्ट सांगताना क्रियापद फिलेओ. योहान 3:35 मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो ते अगापाओ, 5:20 मध्ये फिलेओ.

म्हणून योहान 21 मध्ये येशू पेत्राला तीनदा विचारतो तिथे दोन क्रियापदं आलटून पालटून आली, यावरून मोठा सिद्धांत उभारताना मी तरी कचरतो. फरक असेलही, अभ्यासकांत यावर एकमत नाही. पण पेत्राला दुःख झालं ते तिसऱ्यांदा विचारलं म्हणून, असं त्याच 17 व्या वचनात लिहिलंय. पहिले करिंथकरांस 13 मध्ये अगापे एवढा उजळून निघतो तो पौलाने त्याच्याभोवती लिहिलेल्या वाक्यांमुळे: प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. तो उजेड त्या वाक्यांचा आहे.

सहावी पायरी: शब्दाचं मूळ काढा, पण त्यावर घर बांधू नका

व्युत्पत्ती गोड असते आणि म्हणूनच ती फसवते. एक्लेसिया म्हणजे मंडळी. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणं. म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, हे मी स्वतः तरुणांच्या वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. मग एकदा प्रेषितांची कृत्ये 19 नीट वाचलं. इफिसमध्ये अर्तमी देवीचे देव्हारे करणारे सोनार चिडतात, नाट्यगृहात गर्दी घुसते, दोन तास आरडाओरडा चालतो, बहुतेकांना आपण का जमलोय हेही माहीत नसतं. त्या गर्दीला लूक दोनदा एक्लेसिया म्हणतो. पहिल्या शतकातल्या माणसाला या शब्दात ‘सभा, जमाव’ एवढंच ऐकू यायचं. अथेन्सच्या नागरिकांची सभाही एक्लेसियाच, आणि सेप्टुअजिंटमध्ये देवापुढे जमलेलं इस्राएलही. ज्याने कोणी मराठीत ‘मंडळी’ शब्द निवडला त्याला मी मनापासून दाद देतो. देवळाची मंडळी, नाटकाची मंडळी, घरची मंडळी. जमलेली माणसं, एक्लेसिया तेच आहे.

(गोव्यात चर्चला कोंकणीत ‘इगर्ज’ म्हणतात. तो पोर्तुगीज मार्गे एक्लेसियाचाच वंशज. आपण मराठीत म्हणतो ते ‘चर्च’ मात्र किरिआकोन, म्हणजे प्रभूचं, या दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून इंग्रजीतून आलं.)

याच्या उलटी चूकही होते: आजचा शब्द मागे नेऊन चिकटवणं. रोमकरांस 1:16 मध्ये सुवार्ता हे देवाचं सामर्थ्य आहे, ग्रीक शब्द दिनामिस. त्यावरून ‘सुवार्ता म्हणजे डायनामाइट’ असं सांगितलं जातं. डायनामाइट हे नाव आल्फ्रेड नोबेलने 1867 मध्ये दिलं. पौलाच्या डोळ्यांसमोर सुरुंग नव्हता.

कधी कधी मात्र मूळ आणि वापर हातात हात घालून चालतात. एउआंगेलिओन घ्या: एउ म्हणजे शुभ, आंगेलिया म्हणजे वर्तमान. मराठी ‘शुभवर्तमान’ हा त्याचा तंतोतंत जोड आहे. आणि ख्रिस्तपूर्व 9 मधल्या, प्रिएने इथे सापडलेल्या एका शिलालेखात सम्राट ऑगस्टसचा जन्म ही जगासाठी याच शुभवर्तमानांची सुरुवात म्हटली आहे. मार्क आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत हा शब्द येशूसाठी वापरतो, तेव्हा रोमन प्रजेला त्यात सम्राटाच्या नावाची आठवण होत असणार.

सातवी पायरी: उत्तर मिळालं नाही तर तसंच लिहा

‘आमची रोजची भाकर’ यातल्या ‘रोजची’ मागे शब्द आहे एपिऊसिओस, क्रमांक 1967. नव्या करारात तो फक्त प्रभूच्या प्रार्थनेत येतो, मत्तय 6:11 आणि लूक 11:3. सेप्टुअजिंटमध्ये नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन, ज्याची बोलीच ग्रीक, तो लिहितो की हा शब्द ना विद्वानांत चालतो ना सामान्यांच्या तोंडी. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये ‘रोजची’ म्हटलं आणि मत्तयमध्ये ‘द्रव्यापलीकडची’ असा काहीसा शब्द योजला. एकच ग्रीक शब्द, एकाच माणसाची दोन भाषांतरं.

1889 मध्ये इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसचं वाचन प्रसिद्ध झालं. घरखर्चाची यादी होती आणि तिच्यात हाच शब्द अर्धवट दिसतोय असं सांगितलं गेलं. अभ्यासकांना केवढा आनंद झाला असेल! मग तो कागदच हरवला. 1998 मध्ये तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला, पुन्हा तपासला, तर तिथे लिहिलं होतं एलाइऊ. तेल.

आज दोन-तीन अर्थ समोर ठेवले जातात: जगायला लागेल तेवढी; आजच्या दिवसाची; किंवा येणाऱ्या दिवसाची, कारण प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ साठी याच्याशी जुळणारा शब्द आहे. वहीत तिन्ही लिहा आणि पुढे जागा कोरी ठेवा. मला वैयक्तिकरीत्या ‘उद्याची भाकर आज दे’ हा अर्थ जवळचा वाटतो. उद्याच्या पिठाची चिंता घेऊन झोपणाऱ्या घरातली प्रार्थना वाटते ती. पण हे माझं वाटणं आहे, आणि वर्गात मी तसंच सांगतो.

आठवी पायरी: मराठीकडे परत या

निदान दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचं घ्या, आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मिळालं तर तेही. भाषांतरकार जिथे वेगळे होतात तिथे बहुधा ग्रीकमध्ये काहीतरी अडलेलं असतं; तीच तुमची पुढच्या अभ्यासाची जागा. पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढलीच पाहिजे. संस्कृतात एवढा अधिकार असलेली ही बाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सगळं बायबल तिने साध्या मराठीत आणलं. 1922 मध्ये ती गेली. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता माझ्या वहीतलं एक पान दाखवतो.

शब्द: स्प्लांख्निझोमाय. क्रमांक 4697. बारा वेळा, फक्त मत्तय, मार्क आणि लूकमध्ये. मराठीत: ‘कळवळा आला’. मूळ: स्प्लांख्ना, म्हणजे आतडी, पोटातले अवयव. ठिकाणं: लूक 7:13, नाईन गावची विधवा एकुलत्या एका मुलाला पोचवायला निघाली आहे. लूक 10:33, शोमरोनी माणूस वाटेवर पडलेल्याला पाहतो. लूक 15:20, बाप दुरून मुलाला पाहतो. शेरा: लूकमध्ये तिन्ही वेळा आधी ‘पाहिलं’, मग हा शब्द, मग पाय किंवा हात हलतात.

हे पान मी एका घरगुती प्रार्थनासभेत वाचून दाखवलं. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, ज्यांना वाचता येत नव्हतं, म्हणाल्या, “मग सरळ म्हणा की भाऊ, आतडं तुटलं त्याचं.” मूळ माझ्या वहीत लिहिलेलं होतं, आतड्याची माया, पोटात तुटणं हे शब्द मी जन्मभर ऐकलेले होते, आणि मला ते जोडता आलं नव्हतं. त्या पानावर ‘कळवळा’ च्या शेजारी आता आजींचे शब्द आहेत.

तुमच्यासाठी सुरुवातीचा शब्द: लूक 5:10, कोइनोनोस, क्रमांक 2844. याकोब आणि योहान शिमोनाचे मासेमारीतले भागीदार होते, तिथला. तीनच वचनं आधी, 5:7 मध्ये, भागीदारांसाठी वेगळा शब्द आहे, तोही काढा. मग प्रेषितांची कृत्ये 2:42 मधला कोइनोनिया शोधा, ज्याला आपण सहभागिता म्हणतो, आणि शब्दकोश उघडण्याआधी वहीत लिहा की होडी आणि जाळी सामायिक असलेल्या माणसांना तो कसा ऐकू आला असेल.